सांधेवाल्याचे हात

३ तारीख, सोमवार

सकाळी दहाला पोहोचलो. कंपनीच्या गाडीने अगदी फलाटाच्या उतारापर्यंत आणून सोडलं, जसा काही मी नवरदेव. उतरतो न उतरतो तोच कुणीतरी हातात चहा दिला आणि विचारलं, तुम्हीच का ते रेल्वेवाले मामा? म्हटलं, आता तुम्ही म्हणता तर मामा.

ही वही थोरल्या लेकीने दिली. म्हणाली, बाबा, तिथे तुमची टकळी ऐकायला आम्ही नसू, तेव्हा हिलाच ऐकवा. शाळा गावातली, त्यामुळे भाषा साधी. पण अक्षर गुरुजींनी छडीने वळणाला लावलेलं आहे.

सिनेमा आगगाडीच्या अपघाताचा आहे, एवढंच मला सांगितलंय. नटांना झेंडी कशी धरायची, शिट्टी केव्हा, लिव्हर कसा ओढायचा हे दाखवायचं. सत्तावीस वर्षं सांधेवाला होतो. जिथे एका रुळाचे दोन होतात तो सांधा. तो इकडे करायचा की तिकडे, ते माझ्या हातात असायचं. मग केबिनी गेल्या, बटणं आली, आणि मी घरी बसलो.

आनंदाचं खरं कारण निराळं. हे स्टेशन तात्यांचं. माझे वडील इथे सांधेवाले होते. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा त्यांच्याबरोबर आलो होतो, तेवढंच. आता इथे गाडी येत नाही. अकरा वर्षांपूर्वी लाइन बंद झाली. पलीकडचं स्टेशन आठ मैलांवर, तिथले रूळही उखडून नेलेत म्हणे.

फलाटाच्या टोकाला दुमजली केबिन. जिना चढलो तेव्हा पाय हलके झाले होते. अकरा लिव्हर, रांगेत उभे. पाच नंबरचा सांध्याचा. त्याच्या दांड्यावर हात ठेवणार होतो, पण थांबलो. तात्या सांगायचे, लिव्हर उघड्या हाताने धरायचा नाही, फडक्याने धरायचा. घामाने लोखंड गंजतं. खिशातून फडकं काढलं, मगच धरला.

देवाचे आभार मानले. अशी नोकरी मागूनही मिळत नाही.

४ तारीख, मंगळवार

दिवसभर तेल, रॉकेल आणि कानस. साहेबांना सगळं खरं हवं. लिव्हर ओढला की सांधा खरोखर हलला पाहिजे. संध्याकाळपर्यंत हलवून दाखवला. खट्ट असा आवाज आला आणि सांध्याची पाती मुख्य लाइन सोडून बंद लाइनीला चिकटली. अंगावर काटा आला, आनंदाचा.

बंद लाइन म्हणजे मुख्य रुळातून फुटून शंभर पावलांवर वाळूच्या मोठ्या ढिगात संपणारी. येणारी गाडी थांबेना आणि मुख्य लाइनीवर दुसरी गाडी उभी असेल, तर येणारीला इकडे वळवायची आणि वाळूत रुतवायची. शेवटचा उपाय.

इथली माणसं सांगतो. साहेब म्हणजे दिग्दर्शक, चाळिशीचा, ऊन असो नसो काळा चष्मा. सगळ्यांना ‘बॉस’ म्हणतो, आणि तो स्वतःच बॉस आहे हे कुणी विसरू नये याची काळजी घेतो. एक रंगवाली आहे, पिवळी टोपी घालते. तिचं काम नव्या वस्तूंवर गंज रंगवायचा. सगळे तिला गंजताई म्हणतात. तिला म्हटलं, आम्ही जन्मभर गंज काढला आणि तुम्ही लावता. ती म्हणाली, मामा, सगळे तुमच्यासारखे निघाले तर माझं पोट उपाशी राहील. मोकळी बाई.

आणि म्हातारे मास्तर. इथले जुने स्टेशन मास्तर, ऐंशीच्या पुढचे, आवारातल्या जुन्या क्वार्टरात सुनेबरोबर राहतात. साहेबांनी त्यांना खुर्ची दिलीय. सिनेमाची गोष्ट त्यांनीच पुरवली असं कळलं. मी नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं नाही. तात्यांचा मुलगा म्हणून सांगायचं होतं, पण जीभ अडखळली. का, ते आज लिहीत नाही.

मास्तरांच्या खोलीत घंटीचं यंत्र अजून आहे. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळ असला की गाडी सोडण्याआधी पलीकडचा मास्तर घंटीने विचारतो. एक ठोका म्हणजे, आहात का? तीन म्हणजे, गाडी पाठवू का? इकडून तेवढेच ठोके परत द्यायचे आणि यंत्राची मूठ फिरवायची. त्याला लाइन क्लिअर म्हणतात. मग दोन ठोके येतात. गाडी सुटली. आमचे मास्तर जेवायला गेले की घंटी मीच बघायचो. इथलं यंत्र पुसून लख्ख केलं. मागच्या तारा कापलेल्या आहेत, उंदराच्या शेपट्यांसारख्या लोंबतात.

५ तारीख, बुधवार

आज गोष्ट वाचली.

तीनदा वाचली. मग बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

सिनेमातला सांधेवाला दारुडा आहे. पहिल्या पानापासून पितो. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो झिंगलेल्या हाताने चुकीचा लिव्हर ओढतो, आणि मालगाडी भरलेल्या पॅसेंजरवर चढते. तीनशे माणसं मरतात. स्टेशन मास्तर एकटा जिवाच्या आकांताने धावतो.

खरं काय ते लिहून ठेवतो. पस्तीस वर्षांपूर्वी, मी चौदाचा होतो. याच स्टेशनात पॅसेंजर उभी होती, दीडशे माणसं. पलीकडून मालगाडी सुसाट आली. तात्यांनी ती बंद लाइनीवर घेतली. वाळूत घुसली. ड्रायव्हर गेला, त्याचा जोडीदार गेला, आणि ढिगाच्या सावलीत भाकरी खात बसलेले लाइनवरचे तिघे मजूर गेले. पाच. पॅसेंजरमधल्या एकाला खरचटलंसुद्धा नाही.

चौकशीत मास्तरांनी शपथेवर सांगितलं की याच्या तोंडाला वास येत होता. तात्या जन्मात दारूला शिवले नव्हते. सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. त्यांना विचारलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले. लिव्हर मीच ओढला. बस. त्या तिघांना त्यांनी केबिनीतून पाहिलं होतं. पाहून ओढला. त्यानंतर कशाची सफाई द्यायची त्यांना लाज वाटली असावी. नोकरी गेली, गावात नाव पडलं, सात वर्षांत ते गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती आमच्या घरात झाली.

जे मरतात त्यांची यादी होते. जे वाचतात त्यांची कुणी करत नाही.

आगगाडीचे सिनेमे मी पुष्कळ पाहिलेत. ब्रेक तुटतो, पूल खचतो, डब्यात कुणी बाँब ठेवतो, हिरो टपावरून धावतो. स्टेशनातला माणूस मात्र सगळीकडे एकच. पेंगणारा, नाहीतर प्यालेला. एकदा पडद्यावर गाडी भिंत फोडून फलाटावर आडवी झाली, तेव्हा पुढच्या रांगेने शिट्ट्या मारल्या. मी उठून पायरीवर जाऊन बसलो. मागोमाग आमची ही आली, डोकं दुखतंय का म्हणाली. हो म्हटलं.

साहेबाकडे गेलो. म्हटलं, मेले पाच होते, आणि तो माणूस पीत नव्हता. तो हसला. मामा, पाच माणसांवर तिकीट कोण काढणार? आणि न पिणाऱ्याने लिव्हर ओढला तर प्रेक्षकाने शिव्या कुणाला घालायच्या?

वडील माझे, हे बोललोच नाही. माझ्या तोंडून त्यांचं नाव त्याच्या कानात जावं, एवढीही त्याची लायकी वाटली नाही.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. नाव देवाचं घेत होतो, तोंड मास्तरचं दिसत होतं.

६ तारीख, गुरुवार

सोडून जायचं ठरवलं होतं. बॅगसुद्धा भरली. मग विचार केला, मी गेलो तर तात्यांच्या बाजूने इथे बोलायला कोण उरलं? राहिलो.

मास्तरांच्या खोलीत एकटाच होतो, शूटिंगसाठी रजिस्टरं लावत. हात काम करत होते, डोकं साहेबाशी भांडत होतं. मनातल्या मनात त्याला असं काही सुनावत होतो की तोंडावर कधी जमणार नाही.

घंटी वाजली. एक ठोका.

मी एक ठोका परत दिला.

तीन ठोके आले. मी तीन दिले आणि मूठ फिरवली. काटा सरकला. ‘गाडी येत आहे’.

मग रजिस्टरात वेळ लिहायला पेन उचललं. तीन चाळीस. आणि तेव्हा हाताला घाम फुटला.

तारा कापलेल्या आहेत. मागे जाऊन बघितल्या, हातात धरून बघितल्या. उंदराच्या शेपट्या.

सत्तावीस वर्षांची सवय. घंटी वाजली की विचार करायचा नसतो, उत्तर द्यायचं असतं. पण लाइन क्लिअर देण्याआधी एक गोष्ट बघायची असते, लाइन मोकळी आहे का. रागाच्या भरात मी ते बघितलं नाही. आज मोकळी होती. कुणाच्या गाडीला दिली, ते मात्र माहीत नाही.

काटा तसाच आहे. मूठ मागे फिरत नाही.

७ तारीख, शुक्रवार

तीन चाळीसला दोन ठोके. गाडी सुटली.

खोलीत गंजताई होती, तिनेही ऐकले. म्हणाली, अरे वा, आवाजवाल्यांनी छान बसवलीय.

चार दहाला रुळावर हात ठेवला. रूळ बोलत होता. लांबची गाडी लोखंडातून येते, आधी मुंग्या, मग गुणगुण. रुळावर हात ठेवून गाडी ओळखणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही. दीड मिनिट होतं. मग एकदम बंद, कुणी मान धरल्यासारखं.

८ तारीख, शनिवार

सकाळी सकाळी आरडाओरड. साहेब गंजताईवर घसरला होता. माझा गंज कुणी घासला? ती बिचारी रडवेली. ओढ्याच्या पुलाकडून बाहेरच्या सिग्नलपर्यंत रुळांचे माथे लखलखत होते. वर्षानुवर्षं चढलेला गंज होता, रंगवलेलासुद्धा नाही. आता नाण्यासारखे चकाकत होते.

ताईला बाजूला घेऊन सांगितलं, हे घासून होत नाही. फक्त चाकाने होतं. तिने बोटाने रूळ पुसला, बोट हुंगलं. ताजं लोखंड, मामा, म्हणाली.

साहेबाने तिच्याकडून सगळा गंज पुन्हा रंगवून घेतला. दोन मैल. उन्हात. आणि स्वतः छत्रीत उभा राहून सांगत होता, बॉस, इथे जरा तपकिरी.

दुपारी माझ्या हातांचं चित्रण. सांधेवाला झालेल्या नटाचे हात लोण्यासारखे, म्हणून लिव्हर ओढताना हात माझे आणि तोंड त्याचं. साहेब म्हणाला, हात थरथरू द्या, प्यालेला आहे तो. मी फडक्याने धरला आणि ओढला. माझा हात थरथरला नाही. पुन्हा. नाही थरथरला. फडकं टाका, म्हणाला. नाही टाकलं. अकरा वेळा ओढायला लावलं. शेवटी म्हणाला, राहू द्या, बुधवारी खऱ्या शॉटला बघू. केबिनीच्या फळीवर रंगीत पाण्याची बाटली ठेवून गेला. सरावासाठी, म्हणे.

एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. ढिगाकडे बघितलं आणि मनात जे आलं ते इथे लिहिणार नाही.

९ तारीख, रविवार

सुट्टी. पलीकडच्या स्टेशनापर्यंत चालत गेलो. तिथून ‘रद्द’चे ठोके आले तरच लाइन क्लिअर मागे घेता येते, तसा नियमच आहे. म्हटलं, जाऊन बघू तरी कोण बसलंय.

ताईने रंगवलेला सगळा गंज उडालेला. रूळ चकचकीत, पार शेवटपर्यंत.

स्टेशन नाही. गवतात बुडालेला फलाट, खोलीच्या तीन भिंती, छप्पर नाही. यंत्राच्या जागी चार भोकं. रूळ त्याच्याही अलीकडे संपतात, कापलेली टोकं हवेत. आणि चकाकी त्या कापलेल्या टोकापासूनच सुरू होते. पहिल्या बोटापासून. पलीकडे माती आहे आणि गोखरू आहे, चाकाची खूण नाही.

तिथेच उभं राहून देवाचं नाव घेतलं.

परत येताना पावलं मोजली. चकाकी आज बाहेरच्या सिग्नलच्या आत चारशे पावलं. काल सिग्नलपाशी होती. रोज चारशे. बुधवारी सांध्यावर.

बुधवारी मुख्य लाइनीवर सिनेमाचे दोन डबे उभे राहणार आहेत. साठ माणसं भरून.

१० तारीख, सोमवार

मास्तरच्या घरी गेलो. सुनेने पाणी दिलं. मी सांगितलं, मी पाच नंबरवाल्याचा मुलगा.

म्हाताऱ्याने काठी आवळली. म्हणाला, ओळखलं होतं. फडक्याने धरतोस, तेव्हाच.

मी म्हटलं, वास येत होता म्हणून शपथ घेतलीत तुम्ही. म्हणाला, घेतली. माझ्या तीन मुली लग्नाच्या होत्या. मी म्हटलं, त्याला एक मुलगा होता.

मग म्हाताऱ्याने सांगितलं. पॅसेंजर समोर उभी होती. तो रजिस्टर भरत होता, वरून आलेल्या खरडपट्टीच्या एका कागदावरून डोकं तापलेलं होतं. घंटी वाजली आणि हात गेला. भरलेल्या लाइनीवर मालगाडीला लाइन क्लिअर दिली. कळलं तेव्हा धावत बाहेर आला, केबिनीकडे बघून ओरडला. तात्यांनी हात वर करून दाखवला, कळलं म्हणून. आणि ओढला.

मला शिव्या द्यायच्या होत्या. पाठ करून गेलो होतो. पण म्हाताऱ्याने वर बघून विचारलं, तुझा नाही का गेला हात?

पस्तीस वर्षं ती घंटी वाजते, म्हणाला. रोज, तीन चाळीसला. लाइन चालू होती तेव्हाही, बंद झाली तरीही. खिडकीतून ऐकू येते. मी एकदाही उत्तर दिलं नाही. तू आलास आणि चौथ्या दिवशी दिलंस.

पाणी तसंच ठेवून उठलो.

११ तारीख, मंगळवार

साहेबाला सगळं सांगितलं. हात जोडले. उद्या डब्यात माणसं बसवू नका. त्याने मध्येच थांबवून कॅमेरावाल्याला बोलावलं. म्हणाला, हा चेहरा बघ, उद्या हिरोला असा चेहरा कर म्हणावं.

डब्यात बसणाऱ्यांना सांगितलं. एक जण म्हणाला, मामा, मरायचेच तर पैसे देतायत.

चार दहाला आतल्या सिग्नलपाशी लाल झेंडी घेऊन रुळांमध्ये उभा राहिलो. रूळ गुणगुणला. मग वारा. समोरून, गरम, कोळशाच्या वासाचा. दिसलं काही नाही. शेवटच्या क्षणी बाजूला पडलो. झेंडी हातातून गेली. काठी राहिली.

गुडघे फुटलेत. रूळ आतल्या सिग्नलपर्यंत चकाकतायत.

मालगाडीला झेंडी दिसली नाही. तिला फक्त सांधा कळतो.

१२ तारीख, बुधवार

दुपारी तीन. केबिनीत आहे. हातांच्या शॉटसाठी मला इथे बसवलंय. हातात वॉकीटॉकी दिलाय.

उद्या कुणी म्हणेल, प्याला होता. म्हणून लिहितोय. बाटलीचं बूच उघडलेलं नाही. तात्यांनी लिहून ठेवलं नव्हतं.

डबे दुसऱ्या बाजूने आले, तिकडचे रूळ अजून आहेत. इंजिन सोडून गेलं. साठ माणसं चढली. बायका आहेत, दोन म्हातारे आहेत. कॅमेरावालाही आत.

साहेब वाळूच्या ढिगावर. तिथून डबे आणि सांधा एका चौकटीत दिसतात म्हणे. मास्तरला खुर्ची टाकून शेजारी बसवलंय. पाहुणा.

ढिगावर ते दोघे. नेमके ते दोघे.

देवा, हे तू मांडलंस की मी?

३.४० — घंटी इथपर्यंत ऐकू आली. दोन ठोके.

३.५० — डब्यांची दारं बाहेरून कुलूप लावून बंद केली. साहेबाचा हुकूम. भीती खरी दिसायला हवी. चाव्या त्याच्या खिशात.

वॉकीटॉकीवर ओरडलो. ढिगावरून उतरा, दारं उघडा. तो म्हणाला, वा मामा, हाच राग, हाच ठेवा, फक्त हात थरथरू द्या.

४.०० — ताईला खिडकीतून हाक मारली. तिने रुळावर हात ठेवला. झटकन काढला. चावी आणते म्हणून ढिगाकडे धावली. पिवळी टोपी.

ढिगावर आता तिघं होणार.

चावी आली, दारं उघडली, तर ओढायला नको. थांबतो. थांबता येईल तेवढं —

४.०५ — काच थरथरतेय. बाटली फळीवरून सरकतेय.

मी ओढला तर साठ वाचतात. पण शनिवारी ढिगाकडे बघून जे मनात आलं होतं, ते हेच होतं. ते लिहिलं नव्हतं. आता लिहितो. तो तिथे उभा असावा आणि मी ओढावा. हे मी मागितलं होतं.

तर हा हात कुणाचा? तात्यांचा की त्या रागाचा?

४.०७ — ताई पोहोचली. चावी मागतेय. साहेब खिशावर हात ठेवून हसतोय. मास्तर हसत नाही. त्याने रुळाकडे पाहिलं. उठला.

काठीने ताईला ढकलतोय. उतारावरून. घसरली, पडली, खाली — अजून लाइनीजवळच आहे. उठ बाई. उठ, लांब जा —

मास्तर माझ्याकडे बघतोय. हात वर केला. कळलं म्हणून करतात तसा.

कोळशाचा वास. वळणावर धूर. आज दिसतेय. आता सगळ्यांना दिसतेय, डब्यातून किंकाळ्या. साहेब पळायला वळला, चष्मा —

राग शोधला. देवाशपथ, हातभर शोधला. नाही. भीती आहे, ताई आहे, टोपी दिसते —

बाटली पडली. फुटली. रंगीत पाणी आहे, वास घ्या, वहीवर उडालंय, वास घ्या

फडकं घेतलं. पाच नंबर. थोरले, हे सगळ्यांना वाचून दाखव. प्यालो नव्हतो. बघून ओढला. लिव्हर मीच ओढ